संवेदकाचे वाक्य आणि वाचकाची जबाबदारी

'सेन्सर' या शब्दासाठी मराठी परिभाषेत 'संवेदक' हा प्रतिशब्द आहे. कारखान्यांत तो क्वचितच कोणी उच्चारतो. तेथे सेन्सर, गेज, ट्रान्समीटर, अलार्म हेच शब्द रुळलेले आहेत. तरीही भाषेच्या अभ्यासकाने या प्रतिशब्दाजवळ थोडे थांबावे. 'विद्' म्हणजे जाणणे. वेद, विद्या, वेदना, संवेदना हे सारे याच धातूचे गोत. ज्याला स्वतःला काहीही जाणवत नाही अशा उपकरणाला आपण जाणणाऱ्याचे नाव दिले, आणि एकदा नाव दिले की त्या नावाप्रमाणे वागण्याची सवय जडते. यंत्राला 'कळले', यंत्राने 'सांगितले', यंत्राने 'इशारा दिला' असे आपण सहज म्हणून जातो. ही भाषा आलंकारिक आहे याचे भान असेतोवर तिच्यात वावगे काही नाही. पण औद्योगिक दुर्घटनांचे चौकशी अहवाल वाचू लागले की दिसते, हा अलंकार अनेकदा शब्दशः घेतला गेला आणि त्याची किंमत माणसांनी मोजली.

या लेखात मला एवढेच मांडायचे आहे की नियंत्रण कक्षातल्या पडद्यावर दिसणारा आकडा ही वस्तुस्थिती नसते. ते वस्तुस्थितीविषयीचे एक विधान असते. विधान म्हटले की ते कोणी केले, कशाच्या आधारे केले आणि त्यातून काय वगळले, हे विचारावे लागते. थोडक्यात, ते वाचावे लागते. ज्या वाचनाची शिस्त आपण वर्गात कवितेच्या निमित्ताने शिकवतो, तिचाच अभाव रासायनिक कारखान्यात वा अणुवीज केंद्रात घातक ठरतो. मात्र यावरून 'यंत्रापेक्षा माणूसच बरा' असा जो निष्कर्ष आपल्या क्षेत्रातील मंडळी फार लवकर काढतात, तोही मला मान्य नाही.

आधी हे विधान तयार कसे होते ते पाहू. थर्मोकपलमध्ये दोन वेगवेगळ्या धातूंच्या तारा जोडलेल्या असतात. त्यांच्या सांध्याचे तापमान बदलले की काही मिलिव्होल्ट इतका क्षीण विद्युत्-दाब निर्माण होतो. तारेला तापमान ठाऊक नसते. तापमान हा अर्थ आपण त्या मिलिव्होल्टना देतो. पुढे हा संकेत बहुधा ४ ते २० मिलिअँपिअर या मर्यादेतील विद्युत्-प्रवाहाच्या रूपाने नियंत्रण कक्षापर्यंत जातो. यात शून्याऐवजी ४ पासून सुरुवात का, याचे कारण मोठे मार्मिक आहे. मोजलेली राशी शून्य असेल तेव्हाही तारेतून ४ मिलिअँपिअर प्रवाह वाहत राहतो. प्रवाह अगदीच थांबला तर तार तुटली किंवा उपकरण बंद पडले असे समजायचे. म्हणजे 'काही नाही' असे सांगणे आणि काहीच न सांगणे यांतला फरक अभियंत्यांनी या संकेतप्रणालीतच बांधून ठेवला. नकार आणि मौन यांतला हा भेद आपण साहित्यात किती कष्टाने समजावून सांगतो! अभियंत्याने तो विजेच्या भाषेत लिहिला. दुर्दैवाने प्रत्येक ठिकाणी इतक्या काळजीने लिहिले गेले नाही.

२८ मार्च १९७९ रोजी पहाटे चारच्या सुमारास अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्राच्या दुसऱ्या संचात एक साधा बिघाड झाला. पाणीपुरवठ्याचे पंप थांबले, दाब वाढला, तो कमी करण्यासाठीचा व्हॉल्व्ह ठरल्याप्रमाणे उघडला आणि अणुभट्टी आपोआप बंद झाली. दाब उतरल्यावर तो व्हॉल्व्हही मिटायला हवा होता. तो उघडाच अडकला. पण नियंत्रण कक्षातील दिवा मात्र विझला, आणि दिवा विझला म्हणजे व्हॉल्व्ह मिटला असे तेथील कर्मचाऱ्यांनी समजून घेतले. वास्तविक त्या दिव्याचा व्हॉल्व्हच्या स्थितीशी थेट संबंध नव्हता. व्हॉल्व्ह उघडा ठेवणारा विद्युत्-प्रवाह तोडला गेला आहे, एवढेच तो सांगत होता. आज्ञा दिली गेली, हे सांगणारा दिवा आज्ञा पाळली गेली असा वाचला गेला. दोन तासांहून अधिक काळ त्या उघड्या व्हॉल्व्हमधून शीतकाचे पाणी निसटत राहिले. दुसरीकडे एका टाकीतली पाण्याची पातळी वर दिसत असल्याने भट्टीत पाणी जास्त झाले असा समज होऊन आपत्कालीन पाणीही कमी करण्यात आले. अणुभट्टीच्या गाभ्याचा जवळजवळ अर्धा भाग वितळला.

आपल्या परंपरेत या चुकीचे नाव फार पूर्वी ठेवले गेले आहे. डोंगरावर धूर दिसला म्हणून तेथे अग्नी असला पाहिजे, हे न्यायदर्शनातील अनुमानाचे सर्वपरिचित उदाहरण. धुरावरून अग्नीकडे जाता येते ते 'जेथे जेथे धूर तेथे तेथे अग्नी' या व्याप्तीच्या बळावर. दिवा विझण्याची व्याप्ती प्रवाह तुटण्याशी होती, व्हॉल्व्ह मिटण्याशी नव्हती. साध्य नसलेल्या ठिकाणीही जो हेतू आढळतो, त्याला नैयायिक सव्यभिचार हेत्वाभास म्हणतात. व्हॉल्व्ह उघडा असतानाही दिवा विझू शकत होता. मुख्य म्हणजे कर्मचाऱ्यांना आपण अनुमान करतो आहोत याचीच जाणीव नव्हती. व्हॉल्व्ह मिटलेला आपण प्रत्यक्षच पाहत आहोत अशी त्यांची धारणा होती. काट्याचे, दिव्याचे, आकड्याचे वाचन हे नेहमीच अनुमान असते. ते प्रत्यक्ष प्रमाण वाटू लागते, हाच पहिला धोका.

त्या पहाटे सत्याकडे बोट दाखवणारी दुसरी खूणही उपलब्ध होती. व्हॉल्व्हपुढच्या नळीचे तापमान चढलेले होते. परंतु तो व्हॉल्व्ह आधीपासूनच थोडा गळत असल्याने ते तापमान एरवीही चढलेलेच असायचे. रोजच्या अपशकुनाला कोणी अपशकुन मानत नाही. अखेर सकाळी सहाच्या सुमारास कामावर आलेल्या एका पर्यवेक्षकाला शंका आली आणि त्याच्या सांगण्यावरून त्या मार्गावरचा दुसरा व्हॉल्व्ह बंद केला गेला. संहिता तीच होती; वाचक नवा होता. दोन तास एका अर्थाशी बांधले गेलेल्या वाचकांना जे दिसेना, ते पूर्वग्रह न घेता आलेल्याला दिसले.

दुसरा धोका सुट्या वाचनाचा. २३ मार्च २००५ रोजी टेक्सस सिटी येथील बीपी कंपनीच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात स्फोट होऊन १५ माणसे मेली आणि सुमारे १८० जखमी झाली. तेथील एका टॉवरची उंची १७० फूट होती. त्याच्या तळाशी द्रवाची पातळी मोजणारा ट्रान्समीटर होता, पण त्याचा आवाका तळातील नऊ-दहा फुटांपुरताच. त्या दिवशी टॉवर सुरू करताना आत द्रव सोडला जात होता आणि बाहेर तो फारसा जात नव्हता. पातळी ट्रान्समीटरच्या आवाक्यापलीकडे गेली आणि पुढे सुमारे १५८ फुटांपर्यंत चढली. ट्रान्समीटर मात्र दहा फुटांच्या आतला आकडा दाखवत राहिला, आणि द्रव तापून हलका होत गेल्याने तो आकडा हळूहळू उतरतही राहिला. टॉवर भरत होता आणि आकडा म्हणत होता की रिकामा होतो आहे. टॉवरच्या बाजूची, डोळ्यांनी पातळी पाहण्याची काच मळून निरुपयोगी झाली होती, आणि पातळी फार चढल्यास वाजणारा वेगळा इशारा वाजलाच नाही.

त्याच वर्षी ११ डिसेंबरला इंग्लंडमधील बन्सफील्ड येथील तेलसाठ्यात जवळजवळ हीच कथा घडली. ९१२ क्रमांकाच्या टाकीत रात्रभर पेट्रोल येत होते. पहाटे तीननंतर पातळीचा आकडा एका जागी थिजला. पेट्रोल येतच राहिले, आकडा हलेना. टाकी भरून वाहू लागली आणि सहाच्या सुमारास प्रचंड स्फोट झाला. तो रविवार होता, म्हणूनच जीवितहानी टळली असे म्हणावे लागते. हे मापक त्या आधीच्या साडेतीन महिन्यांत १४ वेळा अडकले होते, असे तपासात पुढे आले.

दोन्ही ठिकाणी संवेदकाचे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष होते. एकट्याने वाचले तर त्यात शंका घेण्याजोगे काही नव्हते. पण शेजारच्या वाक्याशी ते विसंगत होते. आत येणारा द्रव किती, बाहेर जाणारा किती आणि पातळी किती, हे तीन आकडे एकत्र वाचले असते तर त्यांतला एक खोटे बोलतो आहे हे कळले असते. दोष शोधण्याच्या शास्त्राचा एक मोठा भाग नेमका यावरच उभा आहे. वस्तुमान आणि ऊर्जा यांचा हिशेब मांडून आकडे परस्परांशी जुळतात का ते पाहणे, एकाच राशीसाठी तीन संवेदक बसवून दोघांच्या साक्षीविरुद्ध गेलेल्या तिसऱ्यावर संशय घेणे, या त्याच्या रूढ रीती. आपण यालाच संदर्भासह वाचन म्हणतो. एका ओळीचा अर्थ साऱ्या कवितेत ठरतो, हे आपल्याला गुळगुळीत झालेले वाक्य तेथे १५ माणसांच्या आयुष्याचा प्रश्न होते.

मग अधिक संवेदक लावावेत, अधिक इशारे द्यावेत, म्हणजे प्रश्न सुटेल काय? वेल्समधील मिलफर्ड हेवन येथील तेलशुद्धीकरण कारखान्यात २४ जुलै १९९४ रोजी स्फोट झाला, त्याच्या आधीच्या अकरा मिनिटांत दोन कर्मचाऱ्यांसमोर २७५ इशारे आले होते. थ्री माइल आयलंडमध्येही पहिल्या काही मिनिटांतच शंभराहून अधिक इशारे वाजत-लुकलुकत होते. जेथे सगळेच ओरडते तेथे काहीच ऐकू येत नाही. मग माणसे इशारे गप्प करू लागतात. आवाज बंद करतात, मर्यादा वर सरकवतात, 'हा नेहमीच वाजतो' म्हणून सोडून देतात. सेन्सर आणि सेन्सॉर या दोन शब्दांतले अंतर मराठीत एका मात्रेचे आहे. कारखान्यात ते अंतर अनेकदा तेवढेही उरत नाही. आणि या मुस्कटदाबीला दरवेळी आळस म्हणता येत नाही. अनावश्यक इशाऱ्यांनी भरलेली संहिता लिहिणाऱ्याने आधी वाचकाला छळलेले असते.

येथवर वाचून कोणाला वाटेल की यंत्रांच्या या साक्षीपेक्षा अनुभवी कामगाराचे नाक, कान, डोळे अधिक विश्वासार्ह. मानवी संवेदनेचा गौरव करणे आम्हा साहित्यवाल्यांना आवडतेच. त्यांनी भोपाळ आठवावे.

२ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यात ई-६१० क्रमांकाच्या टाकीत सुमारे ४० टन मिथिल आयसोसायनेट होते. हा द्रव शून्याच्या आसपास थंड ठेवायचा असतो. शीतकरण यंत्रणा त्या वर्षाच्या मध्यापासून बंद होती. त्यामुळे टाकीचे तापमान इशाऱ्यासाठी ठरवलेल्या मर्यादेच्या कायमच वर राहत असे, आणि तो इशारा अर्थहीन झाला होता. दाबमापीचा आकडा आधीच्या पाळीत २ होता. नवी पाळी कामावर आल्यावर रात्री अकराच्या सुमारास तो १० दिसला. २ ते २५ हा नेहमीचा टप्पा, म्हणून १० मध्ये कोणाला वावगे वाटले नाही. आकडा सुटा वाचला गेला. तो तासाभरात पाचपट झाला, हे वाचले गेले नाही. वर, तेथील मापकांवर भरवसा ठेवायचा नाही हे कामगारांना अनुभवाने ठाऊक झालेलेच होते.

आणि गळती होते आहे हे कळले कसे? कामगारांच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागले म्हणून. डोळे चुरचुरले म्हणजे कोठेतरी वायू गळतो आहे, ही तेथली रुळलेली पद्धत होती. आधीही असे अनेकदा झाले होते, म्हणून चहा झाल्यावर पाहू असे ठरले. मध्यरात्रीनंतर दाबमापीचा काटा टोकाला गेला तेव्हा हाताशी काहीच उरले नव्हते. समोरच्या जयप्रकाश नगरातील झोपड्यांत माणसे खोकत उठली; त्यांच्यासाठीचा भोंगा थोडा वेळ वाजून थांबला होता आणि सलग वाजू लागेपर्यंत फार उशीर झाला होता. हजारो माणसे त्यात गेली.

येथे माणसाची संवेदना यंत्रापेक्षा श्रेष्ठ ठरली असे म्हणणे क्रूरपणाचे होईल. जेथे उपकरण लावायचे, दुरुस्त ठेवायचे, तेथे कामगाराचा डोळा लावून खर्च वाचवला गेला. माणसालाच संवेदक केले गेले. खरा संवेदक खराब झाला तर बदलता येतो. डोळे आणि फुफ्फुसे बदलता येत नाहीत. म्हणून कारखान्यातल्या प्रत्येक नव्या आणि चांगल्या संवेदकाचे मी स्वागतच करतो. पंपाच्या बेअरिंगमधील सूक्ष्म तडा कानाला ऐकू येण्यापूर्वी, हाताला ऊब लागण्यापूर्वी, कंपनांच्या विश्लेषणातून उमगतो. वायूचा अंश नाकाला कळण्याआधी उपकरणाला टिपता येतो. याला विरोध करणारा मानवतावाद हा दुसऱ्याच्या शरीरावर पोसलेला मानवतावाद होय.

परंतु भोपाळमध्ये आणखी एक संवेदक होता, आणि तो नादुरुस्त नव्हता. राजकुमार केसवानी हे भोपाळचे पत्रकार. १९८१ मध्ये याच कारखान्यातील एक कामगार विषारी वायूने दगावल्यानंतर त्यांनी शोध घेतला, आणि १९८२ मध्ये 'रपट' या आपल्या छोट्या साप्ताहिकात शहर ज्वालामुखीच्या तोंडावर बसले आहे असा इशारा लेखांमागून लेख लिहून दिला. १९८४ च्या जूनमध्ये त्यांनी 'जनसत्ता'तून तो पुन्हा दिला. वाक्य स्वच्छ होते, हेतू शुद्ध होता, पुरावा होता. ज्यांच्या हाती काही करण्याचा अधिकार होता त्यांनी ते वाचले नाही. म्हणून वाचनाचा प्रश्न केवळ कौशल्याचा नाही, सत्तेचाही आहे. पाळीवरच्या कामगाराला आकडा कळला, पण यंत्र थांबवण्याचा अधिकार त्याला नसला, थांबवल्याबद्दल जाब विचारला जाणार असला, तर तो आकडा कळून न कळल्यासारखाच.

आज हे वाचन संगणकाकडे सोपवले जात आहे. हजारो संवेदकांच्या नोंदींवरून यंत्र कारखान्याची 'नेहमीची' स्थिती शिकते आणि तीपासून ढळणारे काही दिसले की सूचना देते. ही मोठी सोय आहे, कारण पाळीवरचा थकलेला माणूस जे परस्परसंबंध पाहू शकत नाही ते यंत्र अथकपणे पाहते. पण 'नेहमीचे' म्हणजे 'योग्य' नव्हे. गळका व्हॉल्व्ह हीच ज्या कारखान्याची नित्याची अवस्था, तेथे यंत्रही गळतीलाच निरोगी समजायला शिकेल. १९८६ च्या चॅलेंजर दुर्घटनेचा अभ्यास करताना समाजशास्त्रज्ञ डायान वॉन यांनी दाखवून दिले होते, की विचलन पुन्हा पुन्हा निभावून गेले की संस्थेच्या लेखी ते नियमच होऊन बसते. माणसांची ही खोड आकडेमोडीत उतरली तर तिला वस्तुनिष्ठतेची प्रतिष्ठा तेवढी मिळेल.

शिवाय, जे मोजलेच नाही त्याविषयी कोणतेही यंत्र बोलू शकत नाही. ७ मे २०२० च्या पहाटे विशाखापट्टणम येथे एलजी पॉलिमर्सच्या टाकीतून स्टायरीनची वाफ बाहेर पडून १२ माणसे मृत्युमुखी पडली. टाळेबंदीत तो साठा बराच काळ पडून होता. टाकीचे तापमान मोजण्याची सोय तळाशीच होती. वरच्या थरात उष्णता वाढत गेली ती कोणत्याच आकड्यात उतरली नाही. संहितेत जे लिहिलेले नाही तेही वाचायला आपण विद्यार्थ्यांना शिकवतो. स्त्री कोठे बोलत नाही, दलित कोठे दिसत नाही, हे विचारायला लावतो. संवेदक कोठे लावला नाही, हा प्रश्नही त्याच जातीचा आहे. तो संगणक विचारणार नाही. माणसालाच तो विचारावा लागेल, आणि कारखान्याच्या भिंतीबाहेर राहणाऱ्याला तो विचारण्याचा हक्क असावा लागेल.

दुर्घटनेनंतर बहुतेक वेळा 'मानवी चूक' हा शब्द वापरला जातो. त्याचा अर्थ प्रायः शेवटच्या वाचकाची चूक असा असतो, दिव्यासमोर बसलेल्या, सर्वात कमी पगाराच्या माणसाची. थ्री माइल आयलंडची चौकशी करणाऱ्या केमेनी आयोगाचे मोठेपण असे, की कर्मचाऱ्यांच्या चुका नोंदवूनही तो तेथे थांबला नाही. त्यांचे प्रशिक्षण, नियंत्रण कक्षाची मांडणी, कंपनी आणि नियामक संस्था या साऱ्यांना त्याने जबाबदार धरले. वाचकाला दोष देण्यापूर्वी संहिता कोणी लिहिली, कशी लिहिली आणि तिच्यावर शंका घेण्याची मुभा कोणाला होती, हे पाहिले पाहिजे.

आपले बहुतेक विद्यार्थी समीक्षक होणार नाहीत. काही बँकेत जातील, काही शाळेत, आणि औद्योगिक वसाहतींच्या आसपासच्या महाविद्यालयांतले काही कारखान्यांच्या कचेऱ्यांत वा पाळ्यांवरही जातील. त्यांच्यासमोर आकडे येतील, अहवाल येतील, 'सर्व ठीक' असे सांगणारे हिरवे दिवे येतील. साहित्याच्या वर्गातून त्यांनी काय न्यावे असे मला कोणी विचारले तर मी रसास्वाद म्हणणार नाही. समोरचे वाक्य कोणत्या आधारावर उभे आहे आणि शेजारच्या वाक्याशी ते जुळते का, हे पाहिल्यावाचून त्यावर मान न डोलावण्याची सवय त्यांनी न्यावी.